सॅम ह्यूस्टन: सैनिक, वकील आणि दोन राज्यांचा गव्हर्नर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टनमधल्या मराठी घरांत उन्हाळ्यात भारतातून आई-वडील येतात. मग एखाद्या शनिवार-रविवारी डॅलसची फेरी होते. वाटेत हंट्सव्हिलजवळ झाडांच्या वर एक पांढराशुभ्र माणूस उभा दिसतो. सदुसष्ट फूट उंच, हातात काठी. मागच्या सीटवरून हमखास प्रश्न येतो, "हा कोण रे?" गेली काही वर्षं मी त्या प्रश्नाची उत्तरं देतो आहे. पाहुणे वेगळे असले तरी प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत.

थोडक्यात सांगा, हा माणूस नेमका कोण?

सॅम ह्यूस्टनचा जन्म २ मार्च १७९३ चा, व्हर्जिनियातल्या टिंबर रिज इथला. मृत्यू २६ जुलै १८६३ रोजी, टेक्सासमधल्या हंट्सव्हिलला. मधल्या सत्तर वर्षांत तो शाळामास्तर, सैनिक, वकील, सरकारी फिर्यादी, खासदार, टेनेसीचा गव्हर्नर, टेक्सासचा सरसेनापती, टेक्सास स्वतंत्र देश असताना दोनदा त्याचा अध्यक्ष, मग अमेरिकेचा सिनेटर आणि शेवटी टेक्सासचा गव्हर्नर होता. दोन वेगवेगळ्या राज्यांतल्या लोकांनी मतं देऊन गव्हर्नर केलेला अमेरिकेच्या इतिहासातला तो एकच माणूस. गव्हर्नरपदाच्या दोन्ही मुदती त्यानं पुऱ्या केल्या नाहीत. एकदा खुर्ची स्वतः सोडली, एकदा काढून घेतली गेली.

पुतळा पाहून तो मोठा लढवय्या असावा असं वाटतं, आणि तो होताच. पण मला मोठा वाटतो तो त्याचा हात आवरण्याचा गुण. सगळे "मारा, तोडा" म्हणत असताना हा थांबला, आणि त्यापायी शिव्या खाल्ल्या. पुढची बरीच उत्तरं याच गोष्टीकडे येतील.

ह्यूस्टन शहर त्यानं वसवलं का?

नाही. ऑगस्टस आणि जॉन ॲलन या दोन भावांनी १८३६ च्या ऑगस्टमध्ये बफेलो बायू या प्रवाहाच्या काठची जमीन घेतली आणि मेक्सिकोवरच्या ताज्या विजयाचा वीर म्हणून त्याचं नाव शहराला दिलं. १८३७ ते १८३९ या काळात ती टेक्सासची राजधानी होती.

लहानपणी तो घर सोडून आदिवासींमध्ये राहिला, हे खरं?

खरं. वडील वारल्यावर आईनं, एलिझाबेथनं, नऊ मुलं घेऊन १८०७ मध्ये टेनेसीतलं मेरीव्हिल गाठलं. अमेरिकेची पश्चिम सरहद्द तेव्हा तिथेच होती. नदीपलीकडे चेरोकी लोकांचा मुलुख. थोरल्या भावांनी सॅमला दुकानात आणि शेतात जुंपलं, तेव्हा सोळाव्या वर्षी तो पळाला आणि चेरोकी प्रमुख ओलूटेकाकडे जाऊन राहिला. ओलूटेकानं त्याला मुलासारखं सांभाळलं आणि चेरोकी नाव दिलं. त्याचा अर्थ कावळ्याच्या जातीतला मोठा काळा पक्षी, डोमकावळा म्हणा हवं तर. जवळजवळ तीन वर्षं तो तिथे होता. भाषा शिकला, शिकार शिकला.

अधूनमधून गावात येऊन चेरोकी मंडळींसाठी उधारीवर वस्तू न्यायच्या, असं चालायचं. उधारी वाढली आणि ती फेडायला एकोणिसाव्या वर्षी त्यानं शाळा काढली. फी सत्राला आठ डॉलर: एक तृतीयांश रोख, एक तृतीयांश मका, एक तृतीयांश हातमागाचं रंगीत सुती कापड. त्या कापडाचा त्यानं सदरा शिवून घेतला. सरहद्दीवरचा व्यवहार कसा चालायचा हे या एका फीवरून समजतं: पैसा थोडा, बाकी धान्य आणि कापड. शाळेची लाकडी इमारत मेरीव्हिलजवळ आजही उभी आहे.

सैन्यात कसा गेला? आणि ती जखम?

१८१३ च्या मार्चमध्ये मेरीव्हिलला भरतीची तुकडी आली. ढोलावर चांदीचे डॉलर ठेवलेले. जो उचलेल तो सैनिक. यानं उचलला. आईनं बंदूक दिली आणि बोटात एक साधी सोन्याची अंगठी घातली. अंगठीच्या आतल्या बाजूला एकच शब्द कोरलेला होता, त्याचा अर्थ 'इभ्रत'. ती अंगठी त्यानं पन्नास वर्षं वापरली.

२७ मार्च १८१४ ला अलाबामातल्या हॉर्सशू बेंड इथे, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॅक्सनच्या फौजेची क्रीक जमातीतल्या 'लाल काठी' गटाशी लढाई झाली. ओंडक्यांच्या तटावर चढून जाणाऱ्या पहिल्या काही जणांत एकवीस वर्षांचा ह्यूस्टन होता. मांडीत वर, जांघेशी बाण घुसला. काटेरी टोकाचा. शेजारच्या लेफ्टनंटला त्यानं तो ओढायला लावला. दोनदा जमेना, तेव्हा तलवार उगारून "या वेळी निघाला नाही तर याद राख" अशा भाषेत दटावलं. तिसऱ्या हिसक्याला बाण निघाला, मांस घेऊनच. जॅक्सननं त्याला मागे राहायला सांगितलं होतं. तरी संध्याकाळी शेवटच्या ठाण्यावर चालून जायला स्वयंसेवक मागितले तेव्हा हा परत उठला, आणि उजव्या खांद्यात-दंडात दोन गोळ्या लागल्या. डॉक्टरांनी एक काढली. हा सकाळपर्यंत जगायचा नाही असं समजून दुसरी काढायचा त्रासही घेतला नाही.

तो जगला. पण बाणाची जखम मरेपर्यंत पूर्ण भरली नाही. पुढची एकोणपन्नास वर्षं, कोर्टात उभा राहताना, घोड्यावर बसताना, सिनेटमध्ये बोलताना, त्या जखमेला पट्टी बांधलेली असायची. मला ही गोष्ट त्याच्या सगळ्या पदव्यांपेक्षा जास्त आठवते.

त्या लढाईत चेरोकी लोक जॅक्सनच्या बाजूनं लढले होते, हेही सांगायला हवं. पुढे त्याच जॅक्सनच्या धोरणानं चेरोकींना त्यांच्या भूमीतून हाकललं.

शिक्षण फारसं नसताना तो वकील कसा झाला?

तेव्हा कायद्याचं कॉलेज करावं लागत नसे. एखाद्या नावाजलेल्या वकिलाकडे बसायचं, त्याची पुस्तकं वाचायची, कागद लिहून काढायचे आणि न्यायाधीशांसमोर तोंडी परीक्षा द्यायची. लेफ्टनंट ह्यूस्टननं १ मार्च १८१८ ला सैन्याचा राजीनामा दिला. कारण अपमान. चेरोकी शिष्टमंडळाबरोबर तो त्यांच्याच पोशाखात वॉशिंग्टनला गेला, म्हणून युद्धमंत्री जॉन कॅल्हूननं त्याला झापलं होतं.

इकडे पेशवाई बुडाली त्याच १८१८ साली तो नॅशव्हिलला जेम्स ट्रिंबल या वकिलाच्या कचेरीत दाखल झाला. ट्रिंबलनं दीड वर्षाचा अभ्यास आखून दिला. यानं तो सहा महिन्यांत संपवला आणि सनद घेतली. मग नॅशव्हिलच्या पूर्वेला लेबनन या छोट्या गावात पाटी लावली. कचेरीचं भाडं महिन्याला एक डॉलर, तेही एका दुकानदाराच्या मेहेरबानीवर.

अशा गावातल्या वकिलाला सगळंच करावं लागायचं. जमिनीच्या हद्दी, कर्जवसुली, मारामाऱ्या, जनावरांच्या चोऱ्या. न्यायाधीश घोड्यावरून गावोगाव फिरायचे आणि वकीलही त्यांच्यामागे. कोर्टाचा दिवस म्हणजे गावचा बाजारच. लोक दहा-दहा कोसांवरून भाषणं ऐकायला यायचे. त्यामुळे वकिली म्हणजे राजकारणाची तालीम होती. जो ज्यूरीच्या बारा शेतकऱ्यांना पटवू शकतो, तो मतदारालाही पटवतो. सहा फुटांवर उंची, खणखणीत आवाज आणि जॅक्सनचा हात पाठीवर, इतकं भांडवल पुरलं. वर्षभरातच तो नॅशव्हिल भागाचा सरकारी फिर्यादी झाला, १८२१ मध्ये टेनेसीच्या मिलिशियाचा (नागरिकांच्या फौजेचा) मेजर जनरल, १८२३ मध्ये खासदार आणि १८२७ मध्ये गव्हर्नर. वकिली सुरू केल्यापासून नऊ वर्षांत.

मग गव्हर्नरपद अचानक का सोडलं?

२२ जानेवारी १८२९ ला त्यानं एलायझा ॲलन या तरुण मुलीशी लग्न केलं. तीन महिन्यांच्या आत ती माहेरी निघून गेली आणि १६ एप्रिलला त्यानं राजीनामा दिला. का? दोघांनीही जन्मभर तोंड उघडलं नाही. गावात नाही नाही ते बोललं जात होतं, तरी त्यानं बायकोबद्दल एक वावगा शब्द काढला नाही, कोणाला काढू दिला नाही. पाहुणे यावर खूप खोदतात. मी एवढंच सांगतो की ज्यांचं होतं त्यांनी ते झाकून ठेवलं, आपणही तसंच राहू द्यावं.

तो पश्चिमेला, आताच्या ओक्लाहोमात स्थलांतरित झालेल्या ओलूटेकाकडे गेला. चेरोकी राष्ट्रानं त्याला नागरिकत्व दिलं. डायना रॉजर्स या चेरोकी स्त्रीबरोबर संसार थाटला, व्यापाराचं ठाणं काढलं, आणि इतकी दारू प्यायला लागला की चेरोकींनीच त्याला 'मोठा दारुडा' नाव ठेवलं. हा काळ झाकायचं कारण नाही. छत्तिसाव्या वर्षी सगळं गमावलेला माणूस होता तो.

भर रस्त्यात खासदाराला काठीनं मारल्याची गोष्ट काय आहे?

ओहायोच्या विल्यम स्टॅनबेरी या खासदारानं सभागृहात आरोप केला की आदिवासींना शिधा पुरवण्याच्या कंत्राटात ह्यूस्टननं लबाडी केली. ह्यूस्टननं लिहून जाब विचारला, उत्तर आलं नाही. १३ एप्रिल १८३२ ला वॉशिंग्टनमध्ये दोघं समोरासमोर आले आणि ह्यूस्टननं हिकरीच्या काठीनं त्याला झोडपलं. स्टॅनबेरीनं पिस्तूल छातीला लावून चाप ओढला. बार उडाला नाही.

प्रतिनिधिगृहानं खटला चालवला, जवळजवळ महिनाभर. वकील होता फ्रान्सिस स्कॉट की, अमेरिकेच्या राष्ट्रगीताचे शब्द लिहिणारा. पण शेवटचं भाषण ह्यूस्टननं स्वतः केलं आणि गॅलरीत टाळ्या पडल्या. १०६ विरुद्ध ८९ मतांनी दोषी ठरला, शिक्षा फक्त सभापतीची समज. पुढे कोर्टानं पाचशे डॉलर दंड केला, तो जॅक्सननं माफ केला. मारहाण चुकीचीच होती. मी वर हात आवरण्याबद्दल लिहिलं, तो गुण त्याला जन्मजात नव्हता हे या प्रसंगावरून कळतं. मात्र विस्मरणात गेलेलं नाव या खटल्यानं पुन्हा देशभर झालं.

टेक्सासला कशासाठी गेला?

जमीन, नवी सुरुवात आणि राजकारण, तिन्हींसाठी. १८३२ च्या डिसेंबरमध्ये रेड रिव्हर ओलांडून तो आला. टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा भाग होता. नॅकडोचेसला त्यानं वकिली सुरू केली. मेक्सिकोच्या कायद्यानं जमीनधारकाला कॅथलिक असावं लागे, म्हणून बाप्तिस्माही घेतला. १८३३ च्या सान फेलिपेच्या अधिवेशनात टेक्सासला वेगळ्या राज्याचा दर्जा मागायचा ठरला. तिथे राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचा तो प्रमुख होता. म्हणजे टेक्सासमधलं त्याचं पहिलं मोठं काम तलवारीचं नव्हतं, मसुद्याचं होतं.

अलामोनंतर तो पळत होता म्हणतात. भित्रा होता का?

हा प्रश्न त्याच्या हयातीतही विचारला गेला, आणि जास्त कडू शब्दांत.

२ मार्च १८३६ ला, नेमकं त्याच्या त्रेचाळिसाव्या वाढदिवशी, टेक्सासनं मेक्सिकोपासून स्वातंत्र्य जाहीर केलं आणि दोन दिवसांनी त्याच्याकडे सरसेनापतिपद कायम झालं. ६ मार्चला टेक्सासवाल्यांच्या ताब्यातली अलामोची गढी पडली. २७ मार्चला गोलियाडला शरण आलेल्या टेक्सासच्या तीनशेहून जास्त कैद्यांना मेक्सिकोचा अध्यक्ष आणि सेनापती सांता ॲना याच्या हुकमानं गोळ्या घातल्या गेल्या. ह्यूस्टनजवळ काही शे माणसं, कवायत माहीत नसलेली. त्यानं गोन्झालेस गाव जाळलं आणि पूर्वेकडे माघार घेतली. मागून बायका-मुलं, बैलगाड्या, पाऊस, चिखल. हंगामी अध्यक्ष बर्नेटनं टोमणे मारणारी पत्रं पाठवली, त्याच्याच सैन्यात बंडाची भाषा सुरू झाली. हा कोणाला बेत सांगेना. ब्रॅझोस नदीकाठी दोन आठवडे थांबून त्यानं माणसांना कवायत शिकवली.

मराठी वाचकाला ही चाल परकी वाटायला नको. शत्रूला लांब आत ओढायचं, त्याची रसद ताणायची, आपली जागा आणि वेळ आपण निवडायची. सांता ॲना उतावीळपणे थोडी फौज घेऊन पुढे धावला आणि मुख्य सैन्यापासून तुटला. २१ एप्रिलच्या दुपारी साडेचारच्या सुमाराला, मेक्सिकन छावणी विश्रांती घेत असताना, नऊशेच्या आसपास टेक्सासवाले सॅन जसिंटोच्या उंच गवतातून पुढे सरकले. त्याआधी परतीचा पूल तोडून ठेवला होता. लढाई अठरा मिनिटांत संपली. मेक्सिकोचे सुमारे ६३० ठार, सातशेवर कैद. टेक्सासचे नऊ. ह्यूस्टनचा घोडा गोळ्यांनी पडला आणि घोट्याचं हाड फुटलं.

यातली काळी बाजू अशी की अठरा मिनिटांनंतरही कत्तल चालूच राहिली. पळणाऱ्यांना, शरण येणाऱ्यांना पाण्यात गाठून मारलं गेलं. ह्यूस्टननं थांबवायचा प्रयत्न केला, त्याचं कोणी ऐकलं नाही.

सांता ॲना हाती लागला तर त्याला जिवंत का सोडलं?

दुसऱ्या दिवशी साध्या शिपायाच्या कपड्यांत पकडून आणलेल्या एका माणसाला बघून मेक्सिकन कैदी उठून "एल प्रेसिदेंते", म्हणजे अध्यक्ष, म्हणू लागले, तेव्हा ओळख पटली. ह्यूस्टन ओक झाडाखाली, फुटलेला पाय पसरून पडला होता. भोवती अलामो आणि गोलियाडला भाऊ-मित्र गमावलेले लोक. सगळ्यांना फास हवा होता.

ह्यूस्टननं वकिलासारखा विचार केला. टेक्सासमध्ये मेक्सिकोचे हजारो सैनिक अजून शाबूत होते. मेलेला सांता ॲना कोणत्याच कागदावर सही करणार नव्हता. जिवंत सांता ॲनानं त्याच झाडाखालून आपल्या सेनापतींना माघारीचा हुकूम लिहिला, आणि फौज परतली. बाणाच्या जखमेपेक्षा, मला वाटतं, त्या दुपारी न दिलेल्या फाशीला जास्त धैर्य लागलं असेल.

अध्यक्ष म्हणून कसा होता?

सप्टेंबर १८३६ च्या निवडणुकीत त्याला पाच हजारांवर मतं पडली. टेक्सासचा जनक म्हणून ज्याला मान, त्या स्टीफन ऑस्टिनला सहाशेसुद्धा नाहीत. तिजोरी रिकामी होती. त्याच्या दुसऱ्या मुदतीत, १८४२ मध्ये, मेक्सिकोच्या फौजेनं दोनदा सॅन अँटोनियो घेतलं आणि टेक्सासच्या काँग्रेसनं त्याला युद्धासाठी जवळजवळ हुकूमशहाचे अधिकार देऊ केले. त्यानं तो ठराव नाकारला. खर्च परवडणारा नाही म्हणाला. लोक चिडले.

चेरोकींचं प्रकरण मात्र मन दुखावणारं आहे. १८३६ च्या फेब्रुवारीत त्यानं प्रमुख बोल्सशी करार करून त्यांना पूर्व टेक्सासमध्ये हक्काची जमीन कबूल केली होती. टेक्सासच्या सिनेटनं तो करार फेटाळला. १८३९ मध्ये पुढचा अध्यक्ष लमार यानं चेरोकींवर सैन्य घातलं आणि म्हातारा बोल्स मारला गेला. त्याच्या कमरेला ह्यूस्टननंच भेट दिलेली तलवार होती. ह्यूस्टननं यावर जाहीर संताप व्यक्त केला, पण गेलेली जमीन परत आली नाही.

त्याच्याकडे गुलाम होते का?

होते, डझनभर. हा प्रश्न बहुतेकदा मुलं विचारतात आणि त्यांना सरळ उत्तर द्यावं. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू नये म्हणून त्यानं सिनेटमध्ये मतं दिली. तशी वाट मोकळी करणाऱ्या १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याला विरोध करणाऱ्या दक्षिणेतल्या अगदी मोजक्या सिनेटरांत तो होता. पण घरी माणसं विकतच घेतलेली. १८५३ मध्ये त्यानं लिलावातून जेफ हॅमिल्टन नावाचा तेरा वर्षांचा पोरगा घेतला. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि एकीनं दुसरी धुऊन निघत नाही.

जोशुआ ह्यूस्टन हे नाव मुलांना जरूर सांगा. हा त्याच घरचा गुलाम, लोहारकाम जाणणारा, लिहा-वाचायला शिकलेला. सॅमच्या मृत्यूनंतर त्याची नंतरची बायको मार्गारेट अडचणीत आहे असं कळल्यावर त्यानं साठवलेलं सोनं तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते घेतलं नाही, मुलांच्या शिक्षणाला वापर म्हणाली. स्वातंत्र्यानंतर जोशुआ वॉकर काउंटीचा निवडून आलेला कमिशनर झाला आणि त्याच्या मुलानं शाळा काढली.

१८६१ मध्ये गव्हर्नरपद का गेलं?

मधल्या काळात अमेरिकेचं राज्य झालेला टेक्सास अमेरिकेतून फुटून निघाला म्हणून. जनमतात ४६ हजारांवर लोकांनी फुटण्याच्या बाजूनं मत दिलं, विरोधात पंधरा हजारांच्या आत. सरकारी अधिकाऱ्यांनी दक्षिणेच्या नव्या संघराज्याची शपथ घ्यावी असा हुकूम निघाला. आदल्या रात्री तो घरी वरच्या मजल्यावर तासन्‌तास येरझाऱ्या घालत होता. बायको मार्गारेट खाली ऐकत होती. पहाटे उतरून तो तिला म्हणाला की हे माझ्याच्यानं व्हायचं नाही.

१६ मार्चला ऑस्टिनच्या विधानभवनात त्याच्या नावाचा पुकारा झाला. तीनदा. अडुसष्ट वर्षांचा गव्हर्नर तळघरातल्या खोलीत खिशातल्या चाकूनं लाकूड तासत बसला होता. ती त्याची जुनी सवय. सिनेटमध्येही भाषणं ऐकताना लाकडाची छोटी बदामं कोरायचा. तो वर गेला नाही. खुर्ची नायब गव्हर्नर एडवर्ड क्लार्कला दिली गेली.

लिंकननं सैन्य पाठवून त्याला पदावर ठेवायची तयारी दाखवली होती. ह्यूस्टननं ते पत्र मित्रांना दाखवून आगीत टाकलं. आपल्या खुर्चीसाठी टेक्सासच्या माणसांनी टेक्सासच्या माणसांवर गोळ्या झाडाव्यात हे त्याला नको होतं. नंतर गॅल्व्हेस्टनला संतापलेल्या जमावापुढे उभं राहून त्यानं सांगितलं की रक्ताचे पाट वाहतील आणि तरी दक्षिण हरेल.

शेवट कसा झाला?

हंट्सव्हिलला भाड्याच्या घरात, न्यूमोनियानं. घराचा आकार आगबोटीसारखा, म्हणून नावही 'स्टीमबोट हाउस'. थोरला मुलगा सॅम यादवी युद्धात दक्षिणेकडून लढायला गेला होता, शिलोहच्या लढाईत जखमी होऊन कैदेतून परतला होता. शेवटचे ऐकू आलेले शब्द म्हणजे टेक्सासचं आणि मार्गारेटचं नाव. तिनं त्याच्या बोटातली अंगठी काढून मुलांना आतला शब्द दाखवला.

मुलांना घेऊन काय काय पाहावं?

सॅन जसिंटोचा स्मारकस्तंभ ह्यूस्टनपासून तासाभरात होतो; ५६७ फूट, वॉशिंग्टनच्या स्तंभाहून उंच. पायथ्याशी संग्रहालय आहे आणि बाहेर ते दलदलीचं मैदान. तिथे उभं राहून बघितलं की पळायला जागाच नव्हती हे कळतं.

हंट्सव्हिलला पुतळ्यापाशी फोटो काढून निघून जाऊ नका. गावातल्या सॅम ह्यूस्टन मेमोरियल म्युझियमच्या आवारात त्याचं घर, स्टीमबोट हाउस आणि ओंडक्यांची छोटी वकिलीची कचेरी आहे. दोन खुर्च्या टाकल्या की भरेल एवढी खोली. तिथून गाडीनं काही मिनिटांवर ओकवुड दफनभूमी. ह्यूस्टनच्या मोठ्या दगडासमोर सगळे थांबतात. त्याच दफनभूमीत जोशुआचीही कबर आहे, तीही शोधा. आणि पाणी बरोबर ठेवा, जुलैत तिथे सावली कमी असते.